देताना कुटुंब, सोडवताना एकटा माणूस

रिझर्व्ह बँकेने १४ मार्च २०२२ रोजी सूक्ष्म कर्जांसंबंधी जे निर्देश काढले, त्यांत ‘कुटुंब’ या शब्दाची व्याख्या दिली आहे. पती, पत्नी आणि त्यांची अविवाहित मुले मिळून एक कुटुंब. अशा कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न तीन लाख रुपयांपर्यंत असेल, तर त्याला विनातारण दिलेले कर्ज हे सूक्ष्म कर्ज. आणि त्याच्या साऱ्या कर्जांचे हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या निम्म्यापलीकडे जाऊ नयेत, असा नियम. व्याख्येत काही खोट नाही. जेथे चूल एक, तेथे मिळकत एक आणि देणेही एकच, हे रिझर्व्ह बँकेला उमगले याबद्दल तिचे अभिनंदनही करावे. प्रश्न त्यापुढचा आहे. हेच कुटुंब कर्जात गळ्यापर्यंत बुडाले आणि नवरा, बायको, कमावता मुलगा अशा सर्वांनी मिळून ‘आम्हांला यातून सोडवा’ म्हणून एखादे दार ठोठावायचे ठरवले, तर या देशात त्यांच्यासाठी दार कोणते? तेथे कुटुंब अदृश्य होते. उरतो तो फक्त ऋणको, ज्याची सही ज्या कागदावर आहे तो एकटा माणूस. कर्ज देताना हिशेब साऱ्या घराचा आणि सुटका मागताना प्रत्येकाचा वेगळा, असा हा न्याय आहे.

हा प्रश्न मूठभर उधळ्या लोकांचा नाही. २०१९ च्या अखिल भारतीय कर्ज व गुंतवणूक पाहणीनुसार ग्रामीण भागातील ३५ टक्के आणि शहरी भागातील २२.४ टक्के कुटुंबे कर्जबाजारी होती. ग्रामीण कर्जांपैकी सुमारे एक तृतीयांश रक्कम अजूनही सावकार, नातलग, व्यापारी अशा बिगरसंस्थात्मक दारांतून आलेली होती. शेतकरी कुटुंबांची पाहणी वेगळी झाली, तिच्यात निम्म्याहून किंचित अधिक कुटुंबांवर कर्ज निघाले. ही झाली सहा-सात वर्षांपूर्वीची स्थिती. त्यानंतर कोविडची दोन वर्षे आली, हातातल्या दूरध्वनीवर पाच मिनिटांत कर्ज देणारी दुकाने आली. २०२५ च्या जूनमधील रिझर्व्ह बँकेच्या वित्तीय स्थैर्य अहवालानुसार घरगुती कर्जाचे प्रमाण राष्ट्रीय उत्पन्नाच्या ४२ टक्क्यांच्या आसपास आहे, आणि त्यातील निम्म्याहून अधिक कर्ज घरासाठी नव्हे, तर बव्हंशी उपभोगासाठी घेतलेले आहे. ‘उपभोग’ हा शब्द ऐकताच सुस्थितीतील वाचकांच्या डोळ्यांपुढे मोटारी आणि सहली उभ्या राहतात. पण आईच्या शस्त्रक्रियेचे बिल, मुलीचे शुल्क आणि मागच्या हप्त्यासाठी घेतलेले नवे कर्ज हाही आकडेशास्त्राच्या भाषेत उपभोगच होय. ज्या देशात २०२१-२२ सालीही आरोग्यावरील एकूण खर्चापैकी सुमारे ३९ टक्के रक्कम लोकांना थेट खिशातून भरावी लागत होती, त्या देशात घरगुती कर्जाला चैनीचे फळ म्हणणे हा अडाणीपणा तरी आहे किंवा अप्रामाणिकपणा तरी.

हिशेब मांडूनच पाहावा. सोलापूरचे एक कुटुंब कल्पावे. नवरा यंत्रमागावर, बायको घरी विड्या वळणारी, दोन मुले शिकणारी. दोघांची मिळून महिन्याची मिळकत १८,००० रुपये. बायकोच्या नावावर निरनिराळ्या तीन संस्थांकडून प्रत्येकी ५०,००० रुपयांचे कर्ज, दोन वर्षांच्या मुदतीचे, व्याज वार्षिक २४ टक्के घटत्या शिलकीवर. प्रत्येकाचा मासिक हप्ता सुमारे २,६४५ रुपये, म्हणजे तिन्हींचे मिळून ७,९३५. रिझर्व्ह बँकेची मर्यादा ९,००० रुपयांची. तेव्हा कागदावर सारे नियमाला धरून झाले. आता घरभाडे, किराणा, वीज, औषधपाणी आणि शाळा यांसाठी दहा हजार उरतात. यंत्रमागाला दोन महिने मंदी आली, विडीची पाने कमी आली, की पहिला हप्ता चुकतो. हप्ता चुकला तर गटातील बाकीच्या बायकांना तो भरावा लागतो, म्हणून गल्लीत तोंड दाखवण्याची सोय राहत नाही. मग तो भरण्यासाठी नवरा दरमहा शेकडा पाचाने सावकाराकडून ३०,००० उचलतो. त्याचे नुसते व्याजच महिना १,५००. मुद्दल तसेच उभे. आता मिळकतीतून उरतात साडेआठ हजार.

यात कोणी चोरी केली नाही, कोणी जुगार खेळला नाही. दोष आहे तो ‘निम्मे उत्पन्न’ या कल्पनेत. अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही एंगेलचा नियम शिकवतात: उत्पन्न जितके कमी, तितका त्यातला अन्नावरचा वाटा मोठा. लाखभर रुपये मिळवणाऱ्याने पन्नास हजार हप्त्यांत दिले तरी तो जेवतो. अठरा हजारवाल्याने नऊ हजार दिले तर त्याच्या घरात दूध बंद होते. परतफेडीची कुवत टक्केवारीने मोजायची नसते. जगण्याला लागणारा खर्च वजा जाऊन काय उरते यावरून ती मोजायची असते. याच २०२२ च्या निर्देशांनी सूक्ष्म कर्जांच्या व्याजावरील आधीची मर्यादा काढून टाकली आणि दर ठरवण्याचे काम त्या-त्या संस्थेच्या संचालक मंडळावर सोपवले. दर ‘सावकारी’ नसावा, एवढी सूचना मात्र केली. मांजराला दुधावर बसवून ‘जपून पी’ म्हणण्यासारखेच हे झाले.

अशा वेळी कुटुंबाला मदत मागायची असते ती कशाची? माफीची नव्हे. निदान पहिल्यांदा तरी नव्हे. त्याला हवा असतो एक असा अधिकारी, जो सगळी देणी एका कागदावर मांडील, खोटी व फुगवलेली बाजूला काढील, वसुलीचा तगादा काही दिवस थांबवील, घरखर्चाला लागेल तेवढे बाजूला ठेवून उरलेल्यातून सर्वांना प्रमाणशीर हप्ते बांधून देईल, आणि ठरलेली मुदत संपली की उरलेले देणे बुडीत ठरवून या माणसांना पुन्हा उभे राहू देईल. ही कल्पना नवी नाही, आणि परकी तर मुळीच नाही. ती याच मातीत, याच जिल्ह्यांत, दीडशे वर्षांपूर्वी कायद्यात उतरली होती.

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील भीमथडी तालुक्यात सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल केली. त्या उठावाचे वैशिष्ट्य हे, की लोकांचा रोख माणसांवर नव्हता, कागदांवर होता. कर्जरोखे आणि हुकूमनामे शोधून काढून जाळण्यात आले. जेथे सावकाराने ते मुकाट्याने दिले तेथे सहसा त्याच्या अंगाला हात लागला नाही. सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ साली दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर हे चार जिल्हे त्याच्या कक्षेत आले. या कायद्याने न्यायाधीशाला एक विलक्षण अधिकार दिला: कर्जरोख्यावर आकडा काय लिहिला आहे तेवढेच न पाहता, रोख्याच्या मागे जाऊन, पहिल्या रुपयापासून व्यवहाराचा इतिहास तपासायचा आणि खरे देणे किती ते ठरवायचे. शेतकऱ्याला कर्जासाठी अटक करून तुरुंगात टाकणे बंद झाले. गावोगाव सलोखा घडवून आणणारे नेमण्यात आले. हप्ते बांधून देण्याची आणि दिवाळखोरीच्या मार्गाने सुटण्याची वाटही ठेवली गेली. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी या कायद्याखाली विशेष न्यायाधीश म्हणून काम केले. पुढे सावकारांनी गहाणखताऐवजी खरेदीखते लिहून घेण्याची युक्ती काढली आणि कायद्याला भोके पडली, हे खरे. तरीही तत्त्व प्रस्थापित झाले: कर्ज हा दोन समबलांमधील करार नसतो, म्हणून न्यायालयाने तो जसाच्या तसा बजावायचा नसतो.

या तत्त्वाचा धागा पुढे तुटला नाही. मुंबई प्रांतात १९३९ आणि पुन्हा १९४७ साली शेतकरी कर्जनिवारणाचे कायदे झाले. प्रा. धनंजयराव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील शेती-वित्त उपसमितीने १९४५ साली शिफारस केली ती अशीच, की कर्जे शेतकऱ्याच्या परतफेडीच्या कुवतीपर्यंत सक्तीने खाली आणावीत. १९७५ साली महाराष्ट्र कर्जमुक्ती कायदा आला. त्याने अल्पभूधारक, शेतमजूर, ग्रामीण कारागीर आणि शहरी कामगार यांची सावकारी कर्जे रद्द केली व गहाण पडलेली भांडी-दागिने परत करण्याचा हुकूम केला. तो आणीबाणीत आला, वीस कलमी कार्यक्रमाचा डंका पिटत आला, आणि ज्यांनी असल्या कायद्यासाठी हयात घालवली त्यांतले अनेकजण त्या वेळी तुरुंगात होते. म्हणून कायदा वाईट ठरत नाही. १९७७ साली फत्तेचंद हिम्मतलाल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला. मात्र त्यातून बँका आणि सहकारी संस्था वगळलेल्या होत्या. त्या काळी ते समजण्यासारखे होते. कर्ज देणारा बलदंड तो सावकार आणि बँक म्हणजे त्याच्या तावडीतून सोडवणारी, अशी तेव्हाची मांडणी होती.

आज कर्ज देणारा बदलला आहे. जुना सावकार मेलेला नाही, पण त्याच्या शेजारी नोंदणीकृत वित्तकंपनी येऊन बसली आहे, आणि कायद्याने तिला असे कवच दिले आहे की जे सावकाराला कधी स्वप्नातही मिळाले नव्हते. महाराष्ट्राचा २०१४ चा सावकारी नियमन कायदा पाहा. परवानाधारक सावकाराला बिगरशेतकऱ्याकडून विनातारण कर्जावर वर्षाला १८ टक्क्यांहून अधिक व्याज घेता येत नाही, चक्रवाढ लावता येत नाही, आणि दामदुपटीचा जुना दंडक त्याला लागू आहे, म्हणजे मुद्दलाहून जास्त व्याज वसूल करता येत नाही. बँका व वित्तकंपन्या या कायद्याबाहेर आहेत. राज्यांचे सावकारी कायदे रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेल्या वित्तकंपन्यांना लागू होत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने १० मे २०२२ रोजी केरळ व गुजरातच्या प्रकरणांत स्पष्टच केले. बँकांच्या बाबतीत तर १९८४ पासून बँकिंग नियमन कायद्यात एकवीस-अ हे कलम आहे: व्याज अवाजवी आहे या कारणास्तव कोणत्याही न्यायालयाने बँकेचा व्यवहार पुन्हा उघडता कामा नये. १८७९ साली परक्या सरकारने जो दरवाजा उघडला, तो १९८४ साली स्वतंत्र भारताच्या संसदेने बंद केला. कल्पनेतल्या त्या सोलापूरच्या कुटुंबाने परवाना असलेल्या सावकाराकडून कर्ज घेतले असते तर व्याज १८ टक्के. तेच मान्यताप्राप्त संस्थेकडून घेतले म्हणून २४. यालाच वित्तीय समावेशन म्हणण्याचा प्रघात पडला आहे.

२०१६ साली नादारी व दिवाळखोरी संहिता झाली. तिच्या तिसऱ्या भागात व्यक्तींसाठी ‘नवी सुरुवात’ नावाची तरतूद आहे. नाव ऐकून आशा वाटावी. अटी वाचून ती मावळते: वार्षिक उत्पन्न ६०,००० रुपयांपेक्षा जास्त नसावे, मालमत्ता २०,००० पेक्षा जास्त नसावी, माफीला पात्र कर्ज ३५,००० च्या आत असावे, आणि राहते घर स्वतःचे नसावे. सोलापूरचे आपले कुटुंब या मापाने श्रीमंतच ठरते! एकेक सूक्ष्म कर्जसुद्धा या मर्यादेत बसत नाही. पण ही तक्रार करण्यातही अर्थ नाही. कारण ही तरतूद अमलातच आलेली नाही. डिसेंबर २०१९ मध्ये तिसरा भाग लागू झाला तो फक्त कंपन्यांच्या कर्जांना वैयक्तिक हमी देणाऱ्यांपुरता. म्हणजे जो भाग कंपनीच्या कर्जाच्या वसुलीला उपयोगी होता, तेवढा चालू झाला; आणि जो माणसांच्या सुटकेला उपयोगी होता, तो कपाटात राहिला. सामान्य माणसासाठी अजून १९२० चा प्रांतिक नादारी कायदा आहे, ज्यात पाचशे रुपयांच्या कर्जाची अट आहे. तो वापरायला वकील लागतो, वर्षे लागतात, आणि शेवटी ‘नादार’ ही पदवी मिळते.

कंपन्यांचे काय होते हे सर्वांना ठाऊक आहे, तरी एकदा उच्चारावे. याच संहितेखाली निकाली निघालेल्या कंपन्यांच्या प्रकरणांत धनकोंच्या पदरी त्यांच्या मान्य दाव्यांपैकी सरासरीने एक तृतीयांशाच्या आसपास रक्कम पडली आहे. उरलेली दोन तृतीयांश गेली. २०१४-१५ पासूनच्या दहा वर्षांत बँकांनी सुमारे १६.३५ लाख कोटी रुपयांची कर्जे निर्लेखित केली, असे सरकारने संसदेत सांगितले. निर्लेखन म्हणजे माफी नव्हे, वसुली पुढे चालूच राहते, हा खुलासा अर्थमंत्रालय दर वेळी करते आणि तांत्रिकदृष्ट्या तो बरोबर आहे. पण मग जून २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने हेतुपुरस्सर कर्ज बुडवणाऱ्यांशी आणि फसवणूक करणाऱ्यांशीसुद्धा तडजोड करण्याची जी चौकट बँकांना घालून दिली, तिला काय म्हणायचे? दरोडेखोराशी बोलणी आणि भुकेल्याशी वसुली? व्यवसायातील अपयश ही भांडवलशाहीत साहजिक गोष्ट मानली जाते. घर चालवण्यातील अपयश मात्र चारित्र्याचा दोष ठरते.

कुटुंबाची ही कुचंबणा स्त्रीच्या वाट्याला विशेष येते. सूक्ष्म कर्जाच्या कागदावर बहुधा तिचीच सही असते, पैसा जातो घरातल्या सामाईक खड्ड्यात, आणि गटाच्या बैठकीत मान खाली घालून बसते तीच. गृहकर्ज असेल तर ती सहकर्जदार. नवऱ्याला पगारदार पतसंस्थेचे कर्ज असेल, तर ते किती आहे हे तिला ठाऊकच नसते. नवऱ्याला तिच्या गटाचे पूर्ण हिशेब ठाऊक नसतात. मुलाने दूरध्वनीवरून उचललेल्या दहा-पंधरा हजारांचा पत्ता दोघांनाही नसतो. एका छपराखाली तीन गुपिते नांदतात आणि कोणाचीच बेरीज होत नाही. कर्ज देणाऱ्या संस्थांना मात्र पतमाहिती कंपन्यांकडून साऱ्या नोंदी दिसतात. घरातल्या माणसांना घराची जी स्थिती दिसत नाही ती बाहेरच्याला दिसते, आणि तो ती वाचून आणखी कर्ज देऊ करतो.

कायद्याची गंमत अशी, की जुन्या हिंदू कायद्यात मुलावर बापाचे कर्ज फेडण्याची जी धार्मिक जबाबदारी होती, ती २००५ च्या हिंदू वारसा दुरुस्तीने पुढच्या कर्जांपुरती संपुष्टात आणली. वारस कर्जाला जबाबदार असतो तो वारशाने मिळालेल्या मालमत्तेपुरताच, त्याच्या स्वतःच्या कमाईतून नाही. शास्त्रीपंडितांनी लादलेले ओझे संसदेने उतरवले. मग ते परत आले ते छापील अर्जाच्या तळाशी, सहकर्जदार व जामीनदार म्हणून घेतलेल्या सहीच्या रूपाने. करार कायद्याप्रमाणे जामीनदाराची जबाबदारी ऋणकोइतकीच. धर्माने जे करणे आता शक्य नाही, ते फॉर्मने साधले.

मदत मागायला जागाच नव्हती असे नाही. होती ती काढून घेतली, हे अधिक गंभीर आहे. २००६ साली बँक ऑफ इंडियाने मुंबईत ‘अभय’ नावाचे कर्जसल्ला केंद्र सुरू केले होते. २००९ साली रिझर्व्ह बँकेने ‘वित्तीय साक्षरता व कर्ज समुपदेशन केंद्रां’ची नमुना योजना काढली. तीन वर्षांनी, २०१२ साली, नव्या मार्गदर्शक तत्त्वांत नाव उरले नुसते ‘वित्तीय साक्षरता केंद्र’. समुपदेशन गळाले, साक्षरता राहिली. नावातला हा बदल किरकोळ नाही. समुपदेशन म्हणजे तुमच्या अडचणीत तुमच्या बाजूला बसणे; साक्षरता म्हणजे तुमची अडचण तुमच्या अज्ञानातून आली आहे असे समजावून सांगणे. ज्या बाईने तीन संस्थांचे हप्ते, गटाची वर्गणी, भिशी आणि सावकाराचे व्याज डोक्यात ठेवून पाच वर्षे घर ओढले, तिला बचतीचे महत्त्व सांगणारे पत्रक द्यायचे, याला धाडस लागते.

दुसरीकडे काय चालते ते पाहावे. फ्रान्समध्ये ३१ डिसेंबर १९८९ च्या कायद्याने अतिकर्जबाजारी कुटुंबांसाठी प्रत्येक जिल्ह्यात आयोग नेमले, आणि त्यांचे कार्यालय चालवण्याचे काम दिले ते त्या देशाच्या मध्यवर्ती बँकेला. कर्जाखाली दबलेले जोडपे बँक द फ्रान्सच्या शाखेत एकच अर्ज घेऊन जाते. अर्जाला पैसे पडत नाहीत. कुटुंबाला जगायला किती लागते ते आधी काढतात, उरलेल्यातून हप्ते बांधतात; काहीच उरत नसेल आणि विकण्याजोगे काही नसेल तर कर्ज पुसून टाकण्यापर्यंतची सोय आहे. इंग्लंड व वेल्समध्ये मे २०२१ पासून कर्जबाजारी माणसाला कर्जसल्लागारामार्फत साठ दिवसांची उसंत मिळते. त्या काळात बहुतेक कर्जांवर व्याज व दंड चढत नाही आणि वसुली थांबते. जर्मनीत तीन वर्षांत उर्वरित कर्जातून सुटका होऊ शकते. आणि अमेरिकेत, जिला समाजवादाचा वाराही सोसत नाही, तेथेसुद्धा दिवाळखोरी कायद्याखाली नवरा-बायको एकत्र अर्ज करू शकतात. भांडवलशाहीच्या माहेरघरी कुटुंबाला जी सवलत आहे, ती समाजवादी म्हणवणाऱ्या प्रजासत्ताकात नाही.

यावर ठरलेले दोन आक्षेप येतात. पहिला असा, की माफीची सवय लागली म्हणजे फेडणाऱ्यालाही फेडावेसे वाटणार नाही. यात तथ्य नाही असे म्हणता येणार नाही. निवडणुकीच्या तोंडावर सरसकट जाहीर होणाऱ्या कर्जमाफ्यांनी हे नुकसान केलेलेच आहे, शिवाय त्या बँकेच्या शेती-खात्यापुरत्या असतात. बायकोच्या गटाचे आणि सावकाराचे कर्ज त्यांना दिसतच नाही. २०१७ च्या राज्याच्या मूळ योजनेत दीड लाखाची मर्यादा ‘कुटुंबा’ला लावली होती. म्हणजे सवलत कापायची असेल तेव्हा सरकारला कुटुंब बरोबर आठवते! पुढे ती अट सैल करण्यात आली. पण येथे मागणी माफीची नसून न्यायाधिकरणाची आहे. एकेक घराची तपासणी, वर्षानुवर्षांचे हप्ते, आणि खोटेपणा आढळला तर सवलत रद्द. या मार्गाला जाण्याचा मोह कोणाला होईल?

दुसरा आक्षेप अधिक शास्त्रीय वेष घेऊन येतो: कर्जे अशी कमी होऊ लागली तर गरिबाला कर्ज मिळेनासे होईल. याचे उत्तर कर्ज देणाऱ्यांच्याच तर्कात आहे. गरिबाला २४ टक्के व्याज का, असे विचारले म्हणजे सांगतात, की या कर्जांत जोखीम मोठी आहे, तिची किंमत दरात धरलेली आहे. ठीक. मग शंभर कुटुंबांकडून जोखमीची किंमत वर्षानुवर्षे वसूल केल्यावर त्यांतल्या पाच घरांत ती जोखीम खरोखर उद्भवली, तर नुकसान कोणी सोसायचे? विम्याचा हप्ता घ्यायचा आणि आग लागल्यावर भरपाईही घरमालकाकडूनच मागायची, असा व्यवहार दुसऱ्या कोणत्या धंद्यात चालतो? १९७५ नंतर सावकाराचे दुकान बंद झाले तेव्हा दुसरे उघडे नव्हते, ही अडचण खरी होती. आज दुकानांची वाण नाही. काही दुकाने थोडी जपून कर्ज देऊ लागली, तर ते अनिष्ट मानण्याचे कारण नाही.

कर्नाटकाने फेब्रुवारी २०२५ मध्ये सूक्ष्म कर्जांच्या जुलमी वसुलीविरुद्ध वटहुकूम काढला, तामिळनाडूने त्याच वर्षी कायदा केला. त्याआधी २०१० साली आंध्र प्रदेशाने तसा प्रयत्न केला होता. या कायद्यांचा रोख वसुलीच्या दांडगाईवर आहे, आणि तो योग्यच आहे. परंतु कर्नाटकाचा वटहुकूमसुद्धा रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेल्यांना हात लावत नव्हता. आणि गुंड दारातून हटवला तरी देणे तसेच राहते. महाराष्ट्राने तर एवढेही केलेले नाही. जेथून या साऱ्या विचाराचा उगम झाला त्या प्रदेशाचे विधिमंडळ आज या विषयात मुके आहे.

आणि आता घरचा आहेर. ज्या सहकारी पतसंस्था आणि पगारदार नोकरांच्या पतपेढ्या पुरोगामी कार्यकर्त्यांनी उभ्या केल्या, त्यांचा व्यवहार काय आहे? सहकार कायद्याच्या एकशेएकाव्या कलमाखाली निबंधकाकडून वसुलीचा दाखला मिळवून त्या थेट जप्तीवर येतात. दिवाणी न्यायालयात ऋणकोला जे चार शब्द बोलता येतात तेही तेथे धडपणे बोलता येत नाहीत. पगारातून परस्पर कपात करण्याची सोय त्यांना एकोणपन्नासाव्या कलमाने दिलेली आहे. १९३६ च्या वेतन प्रदान कायद्यात इतर कपातींना निम्म्या पगाराची मर्यादा होती, पण सहकारी संस्थेची कपात असेल तर ती ७५ टक्क्यांपर्यंत नेण्याची मुभा होती. कामगाराच्या हाती चार आणे ठेवण्याचा अधिकार त्याच्याच चळवळीने मागून घेतला आणि अनेक दशके वापरला. २०१९ च्या वेतन संहितेने मर्यादा सरसकट निम्म्यावर आणली, तीही कामगार संघटनांच्या मागणीने नव्हे. सभासदाने तिसरे कर्ज मागितले तेव्हा ‘घरी आणखी काय देणे आहे, बायकोला घेऊन या, बसून पाहू’ असे म्हणणाऱ्या पतपेढ्या किती?

कायदा होईपर्यंत हाती असलेली साधने थोडी आहेत, पण अगदीच नाहीत असे नाही. १९८७ च्या विधि सेवा कायद्याप्रमाणे स्त्रीला तिचे उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. तेव्हा घराच्या वतीने तालुका विधि सेवा समितीकडे अर्ज तिने करावा. परवान्याविना सावकारी करणाऱ्याविरुद्ध सहकार खात्याच्या जिल्हा निबंधकाकडे तक्रार करता येते, आणि कर्जापोटी लिहून घेतलेली जमीन परत देवविण्याचा अधिकार त्याला आहे. वसुलीच्या माणसांनी सकाळी आठच्या आत आणि संध्याकाळी सातनंतर दूरध्वनी करू नये, असा रिझर्व्ह बँकेचा ऑगस्ट २०२२ चा आदेश आहे. पैशाच्या हुकूमनाम्यापायी स्त्रीला अटक होऊ शकत नाही, आणि निव्वळ ऐपत नाही म्हणून कोणालाच तुरुंगात टाकता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८० सालीच सांगितले आहे. धमकावणारा हे सांगत नाही. म्हणून दुसऱ्या कोणीतरी ते वस्तीत जाऊन सांगितले पाहिजे.

पण विधिमंडळाकडून मागायचे ते यापेक्षा मोठे आहे. प्रत्येक तालुक्याला एक कर्ज-तडजोड मंडळ; त्याच्यापुढे कुटुंबाचा एकच अर्ज; अर्ज दाखल होताच साठ दिवस तगादा, व्याज व दंड बंद; रोख्याच्या मागे जाऊन पाहण्याचा अधिकार; जगण्याच्या खर्चाला हात न लावता बांधलेले हप्ते; राहत्या घराला संरक्षण; आणि तीन वर्षांच्या प्रामाणिक फेडीनंतर उरलेल्या देण्यातून पूर्ण सुटका. शेतीतील कर्ज आणि सावकारी हे राज्याच्या सूचीतले विषय आहेत. तेवढ्यापुरती मंडळे दिल्लीची वाट न पाहता उद्याही नेमता येतील. बँका आणि नोंदणीकृत वित्तकंपन्या यांना त्या मंडळापुढे आणायचे, तर एकवीस-अ कलम रद्द करून संहितेचा तिसरा भाग बदललेल्या मर्यादांसह लागू करावा लागेल. ते काम संसदेचे आहे, आणि महाराष्ट्रातून लोकसभेत अठ्ठेचाळीस खासदार जातात. त्यांतल्या प्रत्येकाला आपल्या मतदारसंघातील यंत्रमागाच्या, विडीच्या आणि उसाच्या वस्त्यांत उभे करून त्याचे या कलमाबद्दलचे मत विचारायला पुढच्या निवडणुकीपर्यंत थांबण्याचे कारण नाही.